नाडीखालची खपली

"काकू, तुम्ही गवतात कुठे बसला होतात?"

डॉक्टरबाईंनी हे विचारलं तेव्हा माझ्या परकराची नाडी त्यांच्या हातात होती. नाडी सोडून परकर जरा खाली सरकवून त्या टॉर्चच्या उजेडात माझ्या कमरेवरचा एक काळा डाग बघत होत्या. बोटाने त्यांनी डागाभोवती दाबून पाहिलं. दुखलं नाही. खाटेभोवती पडदा ओढलेला होता आणि पडद्यापलीकडे माझा मुलगा सचिन आणि आमचे हे उभे होते.

माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मी काही बोलायच्या आत पडद्यापलीकडून सचिनचं उत्तर आलं. "नाही डॉक्टर, आई कुठे जात नाही. रिटायर्ड आहे. घरीच असते."

"घरीच," ह्यांनी दुजोरा दिला. "आराम करते."

"मी त्यांना विचारतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी मास्क खाली ओढला. "बसते," मी म्हटलं. "रोज बसते. महाडला, स्टँडच्या मागच्या पडीक प्लॉटवर. फुलपाखरं बघायला."

पडद्यापलीकडे ह्यांनी घसा साफ केला.

"खाली? जमिनीवर?"

"उकिडवी. गुडघे दुखले की फतकल मारून."

डॉक्टरबाई नांदेडकडच्या होत्या, वयाने सचिनपेक्षाही लहान. त्या हसल्या. त्या इस्पितळात माझ्यासमोर पहिल्यांदाच कोणी हसत होतं. "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला कोणी विचारलंच नाही. ज्यांना विचारलं त्यांनी सांगितलं."

त्यांनी मास्क परत माझ्या तोंडावर बसवला, पडदा सरकवला आणि आजाराचं नाव सांगितलं. स्क्रब टायफस.

सचिन म्हणाला, "टायफॉइडची इंजेक्शनं तर महाडलाच देऊन झाली."

"टायफॉइड वेगळा, हा वेगळा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. स्क्रब म्हणजे झुडपी रान. पावसाळ्याच्या शेवटी वाढलेल्या गवतात माइट नावाच्या एका किड्याची पिल्लं असतात. गोचिडीच्या जातीतली, पण इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. ती अंगावर चढतात आणि कपडा जिथे घट्ट बसतो तिथे थांबून चावतात. चावलेलं कळत नाही. आठवडा-दोन आठवड्यांनी ताप येतो. चावल्याच्या जागी सिगारेटचा चटका दिल्यासारखी काळी खपली धरते, तिला एस्कार म्हणतात. ती ज्याला दिसली त्याला आजार कळला. ज्याला दिसली नाही तो मलेरिया, टायफॉइड, न्यूमोनिया करत बसतो.

माझी खपली बरोबर नाडीखाली होती.

हे सगळं मी लिहिते आहे ते एवढ्यासाठी की ही खपली डॉक्टरबाईंच्या आधी दोघींनी पाहिली होती. त्यातली एक मी. आणि आम्हा दोघींनाही ती नाडीचा काच वाटली.

साडी नेसणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. वर्षानुवर्षं एकाच जागी नाडी आवळून कमरेवर काळा पट्टा पडतो. माझ्या आईला होता, मला आहे. त्या पट्ट्यात एक डाग जास्त काळा झाला तर कोण लक्ष देणार? आणि डॉक्टर पुरुष असेल तर तो पोट तपासतो ते साडीवरूनच, आणि आपल्यालाही ते बरंच वाटतं.

माझ्याविषयी थोडं सांगते. मी मूळची पोलादपूर तालुक्यातली, कुडपणच्या बाजूच्या एका वाडीची. वडील मुंबईला गोदीत हमाली करायचे. त्यांनी मला महाडच्या वसतिगृहात ठेवून शिकवलं. आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली, मुलगी असूनही आणि मुलग्यांच्याही आधी. ते ऋण मी विसरत नाही. पुढे टेलिफोन एक्स्चेंजला ऑपरेटर लागले आणि सगळी नोकरी हेडफोन लावून, बिनखिडकीच्या खोलीत काढली. बाहेर पाऊस आहे की ऊन हे आम्हाला लाइनवरच्या खरखरीवरून कळायचं. मग एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं, आमची गरज संपली आणि मी मुदतीआधी निवृत्ती घेतली.

घरी बसल्यावर पहिल्याच आठवड्यात मागच्या दारी एक आवाज आला. टुक, टुक, टुक, टुक. एकसारखा. मला वाटलं कोणीतरी बोर्डावर कॉल लावून ठेवलाय आणि घेत नाहीये. आवाजामागे चालत गेले तर उंबराच्या शेंड्यावर हिरवा, तांबड्या कपाळाचा चिमुकला पक्षी. तांबट. आयुष्यभर आवाज ओळखायचीच नोकरी केलेली. पण हा आवाज इतकी वर्षं माझ्या घराच्या मागे होता आणि मला माहीत नव्हता. मला स्वतःचा राग आला. त्या रागातूनच सगळं सुरू झालं.

सचिनने मुंबईहून पक्ष्यांचं एक पुस्तक आणून दिलं. शेजारच्या हमीदाबायचा मुलगा शारजाला असतो. त्याने तिथे क्रिकेटची मॅच बघायला घेतलेली दुर्बीण तिच्या कपाटात पडून होती, ती तिने मला दिली. "मला काय बघायचंय गो दुरून? सून जवळच बसते," म्हणाली.

बुलबुल, दयाळ, शिंजीर, भारद्वाज हे दारातच भेटले. त्यांच्या मागोमाग फुलपाखरं आली. फुलपाखरांना तेव्हा मराठीत नावं मिळत नव्हती, इंग्रजीच वापरावी लागायची. आणि फुलपाखरांचं एक कोणी सांगत नाही ते मी सांगते. ती फुलांवर असतात हे अर्धंच खरं. पावसाळा सरताना सगळ्यात जास्त फुलपाखरं मी बघितली ती स्टँडच्या मागच्या भिंतीपाशी, जिथे ड्रायव्हर-कंडक्टर लघवीला जातात. त्या ओल्या मातीत त्यांना हवे ते क्षार मिळतात. पिवळी, निळी, काळी, थव्याने येऊन सोंड लावून बसतात. भिंतीपुढे गांधारी नदीकडे उतरणारा प्लॉट आहे. रुईची झाडं, टाकळा, घाणेरी, कमरेएवढं गवत. तिथे उकिडवं बसलं की हातभर अंतरावरून सगळं दिसतं.

आता एक बाई सकाळच्या वेळी अशा जागी उकिडवी बसलेली दिसली की लोकांना काय वाटणार? तेच वाटलं. रिक्षास्टँडवर एकाने ह्यांना विचारलं, "भाऊ, घरचं संडास तुंबलंय काय?"

त्या वर्षी गावात स्वच्छतेची मोहीम होती. सकाळी एक पथक शिट्ट्या घेऊन फिरायचं आणि उघड्यावर बसणाऱ्यांना उठवायचं. एका सकाळी मी रुईच्या पानावरची पट्ट्यापट्ट्यांची अळी बघत होते आणि मागे शिट्टी वाजली. दोन पोरगेले कर्मचारी, तोंड दुसरीकडे वळवून ओरडत होते, "उठा, उठा! लाज वाटत नाही का?"

मी दुर्बीण वर केली. "हे घेऊन कोण बसतं रे?"

एकाने हळूच मान वळवून बघितलं. "आजी, तुम्ही काय बघताय?"

"अळी."

"अळी बघायला इथे यायचं?"

"तुझ्या ऑफिसात येते का ती?"

ते गेले, पण गोष्ट गेली नाही. संध्याकाळपर्यंत ती बाजारपेठेतून फिरून आमच्या ओट्यावर आली. आमचे हे एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, साधे, मानी गृहस्थ. त्यांना ते फार लागलं. "पकडली म्हणे तुला," एवढंच म्हणाले आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "जायचं तर जा. तू ऐकणार नायस. पण कोणाला सांगू नको. कोणी विचारलं तर तू घरीच हायस."

एवढं ऐकायला मी तयार झाले. जाणं चालू राहिलं आणि सांगणं बंद झालं.

त्यांच्या बोलण्यात खोटेपणा होता असं मला आजही वाटत नाही. आमच्याकडे निवृत्त माणसाविषयी असंच बोलायचं असतं. "काय करतात?" "आता आराम." मुलांनी चांगलं सांभाळल्याची ती खूण. सचिन तर अभिमानाने सांगायचा, "आईला आम्ही काही करू देत नाही." त्या एका उत्तराने मी जवळजवळ मेले असते, हे मात्र खरं आहे.

ताप आला तो नवरात्राच्या सुरुवातीला. आधी थंडी, मग अंगदुखी, आणि डोकं असं दुखायचं की कोणीतरी हेडफोन आवळून आवळून बसवतंय. गावातल्या डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या सुरू केल्या आणि रक्त तपासलं. मलेरिया निघाला नाही. ताप तसाच. मग टायफॉइडची इंजेक्शनं. ताप तसाच. डॉक्टर चांगले होते, मन लावून विचारायचे. "पुराच्या पाण्यात उतरला होतात का?" आमच्याकडे हा प्रश्न पहिला. पुराच्या पाण्यात उंदराचं मूत्र मिसळून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, हा ताप होतो. त्या वर्षी पाणी आमच्या गल्लीपर्यंत आलंच नव्हतं. "नाही," हे म्हणाले. "बाहेरगावी गेला होतात?" "नाय. घरीच असते ती."

मी तेव्हा शुद्धीत होते. पण ताप इतका होता की माझ्याविषयी चाललेलं बोलणं दुसऱ्या कोणाच्या लाइनवरचं वाटत होतं.

हमीदाबाय दुपारी येऊन माझं अंग पुसून द्यायची. एकदा पाठ पुसताना म्हणाली, "किती आवळतेस गो नाडी? कातडी काळी पडली बघ."

मी हात लावून पाहिला. खरखरीत लागलं. "जुनाच काच आहे तो."

"जुना नाय. सोलवटलंय," ती म्हणाली. तिने खोबरेल लावलं आणि नाडी सैल बांधून दिली. आम्हा दोघींपैकी एकीने जरी ते डॉक्टरांना दाखवलं असतं तरी पुढचं टळलं असतं. पण नाडीचा काच डॉक्टरला कोण दाखवतं?

दुसऱ्या आठवड्यात खोकला सुरू झाला. जिना चढताना नाही, अंथरुणात नुसती कूस बदलतानाही दम लागायला लागला. छातीच्या एक्स-रेमध्ये दोन्हीकडे पांढरे ठिपके. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, खाली आलेल्या. डॉक्टर ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "इथे थांबू नका. मुंबईला न्या."

सचिन मुंबईहून आला. हमीदाबायच्या दिराची सुमो होती. मागची सीट आडवी करून मला निजवलं. गोवा रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला हे "हळू रे" म्हणायचे आणि माणगावच्या पुढे ते म्हणायचेही थांबले. ते घाबरले की गप्प होतात. मला ते माहीत होतं, म्हणून मीही घाबरले.

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात आधी कॅज्युअल्टी, मग वॉर्ड, पुन्हा एक्स-रे, पुन्हा रक्त. क्रिएटिनिन नावाची तपासणी वाढलेली आली, म्हणजे मूत्रपिंडावर ताण पडला होता. यकृतावर सूज होती. एकामागून एक डॉक्टर यायचे, तेच प्रश्न विचारायचे आणि सचिन तेच उत्तर द्यायचा. त्याचं उत्तर एव्हाना पाठ झालं होतं. एका मोठ्या डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं, "चोवीस तासांत सुधारणा नाही झाली तर कृत्रिम श्वासाच्या मशीनवर घ्यावं लागेल."

त्या दिवशी दुपारी नांदेडच्या डॉक्टरबाईंची ड्युटी लागली. त्यांनी आधीचे कागद वाचले, बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "मी सगळं पहिल्यापासून तपासते. पडदा ओढा." त्यांनी कानामागे बघितलं, काखेत बघितलं, छातीखाली बघितलं. मग नाडी सोडली.

पुढचं वर सांगितलंच आहे. मात्र मी ते एक उत्तर दिलं तेव्हा मला आजाराचं काही माहीत नव्हतं. त्या उत्तराने माझा जीव वाचेल असं वाटून मी बोलले नव्हते. माझ्या मनात एवढंच होतं, की आता मरायचंच असेल तर "घरीच असायची" असं माझ्याविषयी कोणी सांगता कामा नये.

औषध निघालं डॉक्सीसायक्लिन. साधी, जुनी कॅप्सूल. एवढ्या मोठ्या इस्पितळात मला वाटलं होतं काहीतरी मोठं यंत्र आणतील. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ लागेल. मी थांबणार नाही, आत्ताच सुरू करते." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला दरदरून घाम आला आणि किती तरी दिवसांनी अंग गार लागलं. मशीन लागलं नाही. पुढे रिपोर्टही त्यांच्याच बाजूने आला.

मग वेगळीच गंमत झाली. डॉक्टरबाई संकोचत म्हणाल्या, "काकू, विद्यार्थ्यांना दाखवू का? मी हे परीक्षेत लिहिलं होतं, पेशंटवर पहिल्यांदा बघतेय."

ह्यांचा चेहरा उतरला. "नको हो. बायमाणूस हाय. कंबर काय दाखवायची पोरांना?"

"दाखवायची," मी म्हटलं. "लपवून काय मिळालं ते बघितलं ना?"

पांढऱ्या कोटातल्या मुलामुलींचा घोळका आला. मुलं लाजून मागे उभी. मी म्हटलं, "पुढे या रे. नीट बघा. उद्या तुमच्याकडे साडी नेसलेली बाई ताप घेऊन आली तर नाडी सोडून बघायची. नर्सला बोलवा, पडदा लावा, तिची परवानगी घ्या. पण बघायची." एका मुलीने खपलीवर हलकेच बोट ठेवलं आणि विचारलं, "आजी, दुखत नाही?" मी म्हटलं, "नाही ना, तोच तर घोळ आहे." ह्यांनी तोवर खिडकीकडे तोंड केलं होतं.

घरी सोडायच्या दिवशी ह्यांनी डॉक्टरबाईंना गाठलं. मी खाटेवर बसून ऐकत होते. "म्हणजे आता तिचं ते जाणं बंदच करायचं ना?" त्यांना "हो" ऐकायचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं म्हटलं की घरात वाद उरत नाही.

"बंद कशाला?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "खाली बसणं बंद. स्टूल न्या. साडी नको, गवतावरून फिरली की किडे घेऊनच वर येते. पँट घाला, ती मोज्यांत खोचा. उघड्या अंगाला किडे पळवणारं मलम लावा. घरी आलात की आंघोळ आणि कपडे लगेच धुवायचे. आणि परत ताप आला तर पहिल्याच दिवशी डॉक्टरला सांगायचं, मी गवतात जाते म्हणून."

"पँट?" हे म्हणाले. "ह्या वयात?"

"काका, किडा वय बघत नाही."

महाडला परतले तेव्हा माझं वजन उतरलं होतं, केस मुठीमुठीने गळत होते. न्हाणीघरापर्यंत जायचं तर भिंत धरावी लागायची. भेटायला येणारी प्रत्येक बाई एकच वाक्य घेऊन यायची. "आता आराम कर हो." नणंद म्हणाली, "देवाने इशारा दिलाय, समजून घे." मी म्हटलं, "देवाने नाही, माइटने दिलाय. आणि तो मी समजून घेतलाय." ती चहा न घेताच गेली.

सचिनचा फोन रोज यायचा. एका रविवारी तो म्हणाला, "आई, मला शब्द दे. त्या प्लॉटवर परत जाणार नाहीस."

"नाही देत."

"तू मरता मरता वाचलीस."

"हो. आणि मी जास्त जगले ती त्याच प्लॉटवर. तुला आई घरात ठेवायची आहे की जिवंत?"

तो चिडला. "हे असं बोलायचं नाही." फोन ठेवला त्याने. नंतर मला रडू आलं, कारण त्याची भीती खरी होती. सुमोमध्ये माझं डोकं मांडीवर घेऊन तोच बसला होता. तरीही मी शब्द दिला नाही. मुलाच्या भीतीपुढे मी एकदा हो म्हटलं असतं तर ती भीतीच पुढे घर चालवत बसली असती.

पँट कुठून आणायची हा प्रश्न हमीदाबायने सोडवला. शारजाला जाऊन आल्यापासून ती सलवार-कमीजच घालते. एक जुनी सलवार माझ्या मांडीवर टाकून म्हणाली, "घाल ही. नाडी हिलापण हाय, पण सैल बांध."

"लोक काय म्हणतील?"

"तुला संडासला बसलेली म्हणाले, त्याच्यापेक्षा वाईट काय म्हणणार हायत?"

दोघी इतक्या हसलो की मला खोकल्याची उबळ आली आणि हे आतून धावत आले.

थोडी ताकद आल्यावर, थंडी पडायच्या दिवसांत, मी एका सकाळी ती सलवार घातली, वर सचिनचा जुना फुल शर्ट, आणि ह्यांच्याकडे मोजे मागितले.

"माझे?"

"तुमचेच. खाकी, नोकरीतले. लांब आहेत."

त्यांनी पेपर खाली ठेवला. मला वाटलं आता भांडण होणार. त्यांनी उठून ट्रंकेतून मोजे काढले, माझ्याकडे फेकले आणि पायात चपला सरकवल्या. "स्टूल दे इकडे," म्हणाले. "चालताना दम लागतोय तुला."

पुढचं सांगण्याआधी ज्यांच्या घरी असा ताप येईल त्यांच्यासाठी थोडं. गवतात, शेतात, झुडपांत जाणाऱ्या माणसाला पावसाळ्यानंतर ताप आला आणि उतरेना, तर अंगभर बघा. नाडीची जागा, काख, जांघ, छातीखाली, कानामागे. काळी खपली दिसली तर लाज न धरता डॉक्टरला दाखवा. मनाने औषध घेऊ नका. आणि डॉक्टरने विचारलं की हे दिवसभर काय करतात, तर ते जे करतात तेच सांगा. तुमची आई नदीवर धुणं धुवायला जात असेल, वडील चोरून मासे धरायला जात असतील, तर तसं सांगा. आजारी माणूस बोलू शकत असेल तर त्यालाच बोलू द्या.

आजारपणाने मला शहाणं केलं, असं लिहायची पद्धत आहे. मी तसं लिहिणार नाही. आजारपणाने माझे केस नेले, ताकद नेली आणि ह्यांची झोप नेली. मला दिलं ते त्या डॉक्टरबाईंनी, ज्यांनी कागद बाजूला ठेवून माणूस तपासला. त्यांचं ऋण मी मानते. हमीदाबायचं मानते. वडिलांचं तर मानतेच, त्यांनी शिकवलं म्हणून मी रोगाचं नाव वाचून समजू शकले. तापाचं मी काही देणं लागत नाही.

त्या सकाळी आम्ही दोघं बाजारपेठेतून गेलो. मी सलवार मोज्यांत खोचलेली, गळ्यात दुर्बीण, आणि हे दोन पावलं पुढे, हातात प्लास्टिकचं लाल स्टूल. लोक बघत होते. प्लॉटच्या कडेला पोचल्यावर ह्यांनी स्टूल माझ्या हातात दिलं. "मी आत येणार नाय. मला किडे नकोत," म्हणाले आणि रस्त्यावरच थांबले.

मी भिंतीपाशी स्टूल मांडून बसले. ऊन नुकतं वर आलं होतं. पाठीमागे रस्त्यावर कोणाची तरी रिक्षा थांबली. मी वळले नाही, पण आवाज ओळखला. तो स्टँडवरचाच, संडासाची चौकशी करणारा.

"काय भाऊ, कोणाची वाट बघताय इथे?"

हे काय उत्तर देतील ते मला माहीत होतं. देवळात गेली, दवाखान्यात गेली, घरीच आहे.

"बायको आत हाय," हे म्हणाले. मोठ्याने, वर्कशॉपमध्ये बोलायचे तसे. "फुलपाखरं बघते."

"फुलपाखरं? बघून काय करते त्यांचं?"

"तू क्रिकेट बघतोस, त्या चेंडूचं काय करतोस?"

रिक्षा सुरू झाली आणि निघून गेली. ओल्या मातीवर एक मोठं काळं-निळं ब्लू मॉर्मन उतरत होतं. मी दुर्बीण डोळ्यांना लावली. पण काच धूसर झाली होती, म्हणून खाली ठेवली आणि नुसत्या डोळ्यांनी बघत बसले.